आधी एसएमपीएस, मग खोकं

चतुर्थीला मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांच्या बॅगांत गावातल्या निम्म्या लोकांच्या वस्तू असतात. माझा एसएमपीएसही, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, असाच लॅमिंग्टन रोडवरून निघाला आणि कोकण रेल्वेने कुडाळला उतरला. चुलतभावाला मी फोनवर सांगितलं होतं, एसएफएक्स आण, म्हणजे छोट्या मापातला. त्याने आणला एसएफएक्स-एल. नावात एक अक्षर जास्त, डब्याच्या लांबीत ३० मिलिमीटर जास्त. आणि इकडे वेंगुर्ल्यात संगणकासाठी केलेलं फणसाच्या लाकडाचं खोकं पॉलिश होऊन टेबलावर येऊन बसलेलं. त्या खोक्यात आता आई आमसुलं ठेवते.

दुसरं खोकं मी उलट्या क्रमाने केलं. एसएमपीएस हातात आला, मग पुठ्ठा कापला, आणि त्यानंतर मेस्त्रींकडे गेलो. खाली लिहिलंय ते त्या दुसऱ्या खोक्याचं. संगणक आतून कधी पाहिला नसला तरी हे काम जमतं. घाई मात्र नको. मला तीन रविवार लागले.

एक गोष्ट आत्ताच सांगून टाकतो. एसएमपीएसचा स्वतःचा पत्र्याचा डबा उघडायचा नाही, पंख्यातला कचरा काढायलासुद्धा नाही. आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये तीनशे-चारशे व्होल्ट डीसी असतात आणि टॉप, म्हणजे तीन पिनांचा प्लग, भिंतीच्या सॉकेटमधून काढल्यावरही ते काही वेळ तसेच साठून राहतात. आपलं सगळं काम त्या डब्याच्या बाहेरचं.

कुठला घ्यायचा

नेहमीच्या मोठ्या कॅबिनेटमधला एटीएक्स १५० मिलिमीटर रुंद, ८६ उंच आणि साधारण १४० लांब असतो. छोट्या खोक्यात तो बसवायचा म्हणजे होडीत बैल घालण्यासारखं. उरतात तीन. टीएफएक्स हा ८५ बाय ६५ बाय १७५, काठीसारखा लांब, कंपन्यांच्या सडपातळ डेस्कटॉपमध्ये दिसतो. फ्लेक्स एटीएक्स सगळ्यात बारका, ८१.५ बाय ४०.५ बाय १५०. पण त्याचा पंखा ४० मिलिमीटरचा, आणि तो कानाशी डास आल्यासारखा गातो. रात्री काम करणाऱ्याने त्याच्या नादी लागू नये. तिसरा एसएफएक्स: १२५ रुंद, ६३.५ उंच, १०० लांब. माझं मत याच्या पारड्यात. एसएफएक्स-एल म्हणजे हाच, पण १३० लांब. पंखा १२० मिलिमीटरचा असल्याने आवाज कमी. जागा असेल तर तो वाईट नाही, फक्त आधी ठरवून घ्या, माझ्यासारखा पदरात पडू देऊ नका.

लॅपटॉपसारखा बाहेरचा ॲडाप्टर आणि आत वीज वाटणारी छोटी सर्किटची पट्टी असाही एक मार्ग आहे. खोकं आणखी लहान होतं. पण आमच्याकडे जमिनीवर पडलेल्या ॲडाप्टरखाली ऊब धरून मुंग्या जमतात, आणि पावसाळ्यात कौल गळलं की पहिला थेंब नेमका तिथेच. म्हणून मी आतला निवडला.

किती वॉटचा, यावर लोक फार डोकं चालवतात. वेगळं ग्राफिक कार्ड नसेल तर हिशेब सोपा आहे. रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर कागदावर ६५ वॉटचा, ताण आला की ८८ पर्यंत घेतो. इंटेलचा आय५-१२४०० हाही कागदावर ६५ चाच, पण जोरात असताना ११७. त्यात मदरबोर्ड (सगळे भाग जोडले जातात ती मुख्य पाटी), रॅम, एसएसडी आणि पंख्यांचे तीस-चाळीस धरा. ३०० वॉटचा चांगला एसएमपीएस पुरतो. माझा ४५० चा आहे, पुरून उरतो. वॉटपेक्षा लेबलवरची एसी इनपुटची ओळ नीट वाचा. तिथे १००–२४० लिहिलेलं हवं. संध्याकाळी गावात सगळ्यांचे पंप सुरू झाले की ट्यूब मिणमिणते. अशा वेळी हा रुंद पट्ट्याचा एसएमपीएस शांतपणे चालत राहतो, वेगळा स्टॅबिलायझर लागत नाही. जुना, मागे लाल सरकस्विच असलेला एसएमपीएस कुणी फुकट दिलाच, तर तो स्विच २३० वर आहे ना ते आधी पाहा. ११५ वर ठेवून आपल्या सॉकेटला लावलात की फटाका ठरलेला.

पुठ्ठ्याचं खोकं

मदरबोर्ड मिनी-आयटीएक्स, १७० बाय १७० मिलिमीटर. तो तळाला आडवा ठेवायचा, जोडण्यांची पट्टी मागच्या भिंतीला. त्याच्या पुढे एसएमपीएस उभा करायचा, म्हणजे १२५ ची बाजू उंचीत आणि ६३.५ ची खोलीत. पंख्याचं तोंड पुढच्या जाळीला टेकेल, बाहेरची गार हवा थेट आत घेईल. गरम हवा उजव्या भिंतीकडे निघेल.

आता खरी मेख. एसएमपीएसची १०० मिलिमीटर लांबी रुंदीच्या दिशेने जाते, आणि दोन्ही टोकांना काहीतरी बाहेर आलेलं असतं. एका टोकाला पॉवर केबलचा सॉकेट. त्यात काटकोनात वळलेला प्लग लावला तरी ३५ ते ४० मिलिमीटर जातात. दुसऱ्या टोकाला निघणाऱ्या तारांचा जुडगा. तो चोवीस पिनांचा जाड वेटोळा ४० मिलिमीटरच्या आत वळवायला गेलात तर पिना कनेक्टरमध्ये तिरक्या होतात. म्हणजे १०० चा एसएमपीएस प्रत्यक्षात १८० ची जागा मागतो. माझ्या पहिल्या खोक्याची आतली रुंदी नेमकी १८० होती. त्यात १३० चा आल्यावर प्लग जाऊन तारांना उरलं जेमतेम बोटभर.

दुसऱ्या खोक्याचं आतलं माप मी १९० रुंद, २५० खोल, १३२ उंच ठेवलं. साधारण सव्वासहा लिटर होतं. जास्त लहान करण्याच्या स्पर्धेत पहिल्याच वेळी पडू नका.

मेस्त्रींकडे जाण्याआधी हे सगळं पुठ्ठ्यात करा. खोकं पुठ्ठ्याचं, पण आत एसएमपीएस खरा, मदरबोर्ड खरा, प्रोसेसरवरचा कूलर खरा, तारा लावलेल्या. झाकण बंद होतंय का बघा. कूलरच्या डोक्यावर दोन बोटं हवा उरते का बघा. मी पुठ्ठा घेऊन गेलो तेव्हा मेस्त्रींनी तो उलटासुलटा करून विचारलं, "ह्याच्यात काय ठेवतलंस? देव?" मग बाहेरून माप घेऊन म्हणाले, "पावसात लाकूड फुगतला, दोन सूत जागा सोड." दोन सूत म्हणजे पाव इंच. सोडली. जुलैत झाकण घट्ट झालं, पण अडकलं नाही.

धातूची पट्टी

लाकूड दिसायला सुंदर, पण एसएमपीएस थेट लाकडाला टांगायचा नाही. किलोभराचं ओझं आहे. लाकडात मारलेले स्क्रू दोन पावसाळ्यांत ढिले होतात. शिवाय लाकडातून अर्थिंग होत नाही, त्याबद्दल पुढे. म्हणून तळाला अखंड ॲल्युमिनियमचा पत्रा, २ मिलिमीटरचा, आणि त्याला एसएमपीएस धरणारी काटकोनातली पट्टी. कुडाळ एमआयडीसीत किंवा कुठल्याही खिडक्या बनवणाऱ्या फॅब्रिकेशनवाल्याकडे तुकडा मिळतो आणि तो वाकवूनही देतो.

पट्टीतली भोकं मोजून आखायच्या भानगडीत पडू नका. एसएमपीएसच्या सॉकेटच्या बाजूवर कागद ताणून धरा आणि वरून पेन्सिल आडवी घासा. भोकं, सॉकेट, जाळी, सगळं कागदावर उमटतं. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून घासायचो तसंच. तो कागद पट्टीवर चिकटवून पंचने ठोके द्या आणि ड्रिल करा. कागदाची बाजू उलटी झाली तर मात्र भोकं आरशातली येतात. एक तुकडा माझा त्यात गेला. पुष्कळदा एसएफएक्ससोबत मोठ्या कॅबिनेटमध्ये बसवायची एक सपाट पट्टी मिळते. ती मिळाली असेल तर तिलाच वाकडी पट्टी जोडा, अर्धं काम वाचतं.

पट्टीतला मधला भाग मोकळा हवा, गरम हवा तिथूनच बाहेर येते. कापलेल्या कडा कानशीने मोडा. नाहीतर कधीतरी तार तिथे घासून सोलली जाते.

स्क्रूबद्दल थोडं. एसएमपीएसचे स्क्रू जाड आट्यांचे, ६-३२ मापाचे. एसएसडीचे आणि मदरबोर्डच्या बऱ्याचशा स्टँडचे एम३, बारीक आट्यांचे. दोन्ही दिसायला भाऊ-भाऊ. पण एकाच्या जागी दुसरा जोराने घातला तर आटे कायमचे जातात. लांबी ६ मिलिमीटरच्या आसपास पुरे. लांब स्क्रू घातला तर तो एसएमपीएसच्या आत जाऊन कुणाला टेकेल सांगता येत नाही. आणि स्टीलऐवजी पितळी किंवा स्टेनलेस घ्या. समुद्रापासून दोन किलोमीटरवर साध्या स्क्रूचा डोक्याचा खाच वर्षभरात गंजून भरतो.

मागून आत येणारी वीज

एसएमपीएस आत दडला म्हणजे त्याचा सॉकेटही दडला. तेव्हा मागच्या भिंतीवर नवा सॉकेट लावायचा, मॉनिटरच्या मागे असतो तसा तीन पट्ट्यांचा, आणि तिथून आत छोटी केबल एसएमपीएसपर्यंत. फ्यूज आणि स्विच एकत्र असलेला सॉकेट घ्या. त्याचं भोक उंचीत जास्त लागतं, म्हणून सॉकेट आणल्यावरच भोक पाडा. फ्यूज ५ अँपिअरचा, स्लो ब्लो लिहिलेला. सुरू होताना एसएमपीएस क्षणभर मोठा घोट घेतो, साधा जलद फ्यूज तेवढ्यातही उडतो.

नवख्याने इथे आपला हुशारीपणा थोडा आवरावा. सॉकेटपासून प्लगपर्यंत जोडलेली तयार केबल मिळत असेल तर तीच घ्या. नसेल तर आयएसआय छापाची कॉम्प्युटरची पॉवर केबल घेऊन तिचं टॉपचं टोक कापा, आणि थिंबल, म्हणजे तारेच्या टोकाला बसणारं धातूचं टोपण, दाबून घ्यायला ओळखीच्या वायरमनकडे जा. पक्कडीने दाबलेली थिंबल दिसते घट्ट, पण सहा महिन्यांनी गरम होऊ लागते. तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ. जुन्या केबलमध्ये लाल, काळी, हिरवी. सॉकेटवर एल, एन आणि अर्थची खूण कोरलेली असते. प्रत्येक थिंबलवर पूर्ण स्लीव्ह हवी, तांब्याचा एक केसही उघडा दिसता कामा नये.

एसएमपीएस न जोडता आणि टॉप सॉकेटबाहेर असताना मल्टिमीटर बीपवर ठेवा, म्हणजे तार सलग असली की तो वाजतो. टॉपच्या जाड पिनेपासून आतल्या प्लगच्या अर्थच्या भोकापर्यंत बीप आला पाहिजे, बाकी दोन पिनांचं तसंच, स्विच चालू असताना. एका पिनेपासून दुसऱ्या कुणाच्या भोकात बीप आला तर थांबा, पुढे काही करू नका.

अर्थ

लाकडी खोक्याची मजा आणि धोका दोन्ही इथे आहेत. लोखंडी कॅबिनेटमध्ये एसएमपीएस स्क्रूने आवळला की सगळं कॅबिनेट आपोआप अर्थ होतं. आपल्याकडे ते हाताने करायचं. सॉकेटच्या अर्थपट्टीवरून एक हिरवी-पिवळी तार तळाच्या पत्र्यावर आणा. गोल थिंबल, दातेरी वॉशर, बोल्ट आणि नट. त्या जागेचा रंग खरवडून चकचकीत धातू उघडा करा. ॲल्युमिनियमला रंग नसेल आणि नुसतं ॲनोडाइझ केलेलं असेल, तरी खरवडायचंच, कारण तो थर वीज नेत नाही. एसएमपीएस धरणाऱ्या पट्टीचंही तसंच. शेवटी टॉपच्या जाड पिनेपासून पत्रा, पट्टी, एसएमपीएसचा डबा, सगळीकडे बीप.

आता घरातलं अर्थ. एसएमपीएसच्या तोंडाशीच फिल्टरचे दोन छोटे कॅपॅसिटर असतात, एक फेजकडून अर्थला, एक न्यूट्रलकडून अर्थला. घरात अर्थ तुटलेलं असेल तर डब्याचा पत्रा दोघांच्या मधोमध, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो. टेस्टर लावला की मंद पेटतो, ओल्या हाताला मुंग्या येतात. "संगणक म्हटला की थोडा शॉक मारणारच" असं सांगणारे शहाणे मला तरी तीन भेटलेत. त्या मुंग्यांमधला करंट अगदी थोडा असतो हे खरं, पण उद्या आत फेज खरोखर पत्र्याला टेकली तर अर्थ नसलेला तोच पत्रा जीव घेईल. वायरमनकडून सॉकेटवर मोजून घ्या: फेज-न्यूट्रल २३० असेल तर फेज-अर्थही जवळजवळ तेवढंच यायला हवं, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-चार व्होल्टांच्या आत. आपल्याकडची जमीन जांभ्याची. पावसात पाणी झिरपून जातं आणि एप्रिल-मे महिन्यात अर्थिंगचा खड्डा भाकरीसारखा कोरडा पडतो. मीठ-कोळशाच्या जुन्या खड्ड्यात उन्हाळ्यात आठवड्याला दोन कळशा पाणी ओतायची आमच्याकडे पद्धत आहे, ती उगाच नाही. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की लाइन तोडणारा स्विच, नसेल तर या निमित्ताने बसवून घ्या.

खोक्यात जाण्याआधी टेबलावर

एसएमपीएस एकटाच सुरू करून पाहायचा. टॉप काढलेला असताना चोवीस पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी तार आणि कुठलीही एक काळी, या दोन भोकांत वाकवलेली पेपरक्लिप घाला. हात बाजूला. मग टॉप लावा आणि स्विच चालू करा. पंखा फिरला तर उत्तम. नाही फिरला तर लगेच शिव्या घालू नका. पुष्कळ नव्या एसएमपीएसमध्ये कमी भार असताना पंखा मुद्दाम बंद राहतो. पिवळ्या-काळ्या तारेवर ११.४ ते १२.६, लाल-काळ्यावर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट आले की एसएमपीएस जिवंत आहे. सगळ्या तारा काळ्याच असतील तर रंगावरून अंदाज बांधू नका, बाजारात याच कामाचा छोटा स्टार्टर प्लग मिळतो.

बसवणं

क्रम असा. आधी मदरबोर्ड पितळी स्टँडवर. मग एसएमपीएसच्या तारा लावून घ्या, कारण डबा जागेवर बसल्यावर बोटं आत जात नाहीत. मग एसएमपीएस पट्टीसकट पत्र्याला बोल्ट करा. शेवटी काटकोनातला प्लग. मॉड्युलर, म्हणजे सुट्या होणाऱ्या तारांचा एसएमपीएस असेल तर लागतील तेवढ्याच तारा लावा: चोवीस पिनांची, प्रोसेसरची, आणि लागली तर एसएसडीची साटा. जुन्या एसएमपीएसची मॉड्युलर केबल नव्याला लावायची नाही. टोक बसतं, पण एसएमपीएसच्या बाजूची पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची वेगळी असते. पाच व्होल्टच्या जागी बारा गेले की एसएसडी तत्काळ जाते.

प्रोसेसरची केबल चार-चार पिनांत फुटते, ग्राफिक कार्डची सहा-दोनमध्ये. दोघी जवळजवळ सारख्याच दिसतात आणि आत बारा व्होल्ट व ग्राउंड उलटे असतात. कनेक्टर आपणहून टक आवाज करून बसला तर तो बरोबर. अंगठा लाल होईपर्यंत दाबावं लागतंय म्हणजे तो चुकीचा.

उरलेल्या तारा एसएमपीएसच्या पंख्यापुढे कोंबू नका. बाजूच्या पन्नास मिलिमीटरच्या गल्लीत सैल घडी घालून बांधा.

आणि झाकण लावण्याआधी एसएमपीएसचा स्वतःचा स्विच चालूच्या बाजूला करा. मी तो बंद ठेवून बारा स्क्रू आवळले होते. बटण दाबलं, काहीच नाही. फ्यूज तपासला, अर्थ तपासलं, भावाला फोन केला, दुकानाला मनात नावं ठेवली. तासाभराने पुतणीने विचारलं, "काका, आतला स्विच लावलात का?" ती तेव्हा सातवीत होती.

इन्व्हर्टर

कोकणात हा विषय टाळून चालत नाही. नव्या एसएमपीएसमधल्या ॲक्टिव्ह पीएफसीला (लाइनमधून करंट नीट ओढणाऱ्या सर्किटला) स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर पचतोच असं नाही. लाइट गेली की संगणक बंद पडतो आणि माणूस एसएमपीएसला दोष देतो. साइन वेव्ह इन्व्हर्टर घ्या. त्याच्या मागे यूपीएस आणि नॉर्मल असा स्विच असेल तर तो यूपीएसवर ठेवा. एसएमपीएस स्वतःच्या पोटातल्या साठ्यावर पूर्ण भाराला १५-१७ मिलिसेकंदच तग धरतो. इन्व्हर्टरने त्याच्या आत सूत्रं हातात घ्यायला हवीत.

पाऊस, मीठ आणि पाली

जाळी साध्या लोखंडाची लावू नका. स्टेनलेस किंवा नायलॉनची, भोकं दीड मिलिमीटरच्या आतली. पाल उबेला येते, आणि तिचं पिल्लू काडीएवढ्या फटीतून आत शिरतं. पंख्याच्या बाजूची जाळी महिन्याला काढून ब्रशने झाडा. मिठाची धूळ ओलावा धरून बसते, कोरड्या धुळीसारखी उडून जात नाही.

पावसाळ्यात संगणक रोज तासभर तरी सुरू ठेवलेला बरा, आतली ऊब दमटपणा बाहेर ठेवते. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळानंतर आमच्याकडे कित्येक दिवस लाइट नव्हती. आली त्या दिवशी मी बटण लगेच दाबलं नाही. झाकण काढलं, फूटभर अंतरावर साठ वॉटचा पिवळा बल्ब लावून ठेवला, दुपार जाऊ दिली. विजा चमकू लागल्या की, मग तो वळवाचा पाऊस असो वा परतीचा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. टॉप उपसायचा आणि लॅनची केबलही काढायची. स्पाइक बस्टरवर विसंबत असाल तर तोही अर्थ धड असेल तरच कामाचा.

वर्षातून एकदा, नवरात्राच्या आसपास, अर्थचा बोल्ट उघडून पाहा. ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस जिथे टेकतात तिथे खाऱ्या हवेत पांढरी भुकटी धरते. ती खरवडा, पुन्हा आवळा, वरून व्हॅसलीनचं बोट फिरवा आणि बीप घ्या. माझ्या खोक्यात गेल्या वर्षी ती भुकटी निघाली होती आणि बीप तुटक येत होता.